वायरलेस लागत नव्हतं तो आठवडा

माझी लेक मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत दगडांवर संशोधन करते. सप्टेंबरमधल्या एका रविवारी ती घरी आली ती पाठीवर मोठी सॅक आणि हातात एक पेन ड्राइव्ह घेऊन. दुपारी तिला हिमाचलातल्या स्पितीला निघायचं होतं, दहा दिवसांच्या फील्डवर्कसाठी. पण त्याआधी तिला माझ्या लॅपटॉपचा निकाल लावायचा होता.

लॅपटॉप दहा वर्षांचा. नवऱ्याने एका बदलीच्या वेळी घेतलेला, मग माझ्याकडे आलेला. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की मी बटण दाबून कुकर लावायला जायची आणि दोन शिट्ट्या झाल्या की परत यायची. वर रोज एक पाटी दाखवायचा, की आता यापुढे याला नवीन काही मिळणार नाही.

"आई, इसमें लिनक्स डाल देती हूँ. एकदम फास्ट हो जाएगा," लेक म्हणाली. ती माझं सगळं मराठी समजते आणि सगळ्याला हिंदीत उत्तर देते. आग्रा, जोधपूर, तेजपूर, असं करत करत वाढलेली मुलगी. मी फार पूर्वीच तक्रार करणं सोडून दिलं आहे.

तासाभरात तिने ते केलंही. लॅपटॉप चालवणारी जुनी प्रणाली गेली, लिनक्सचा नवा हिरवट रंगाचा पडदा आला, आणि लॅपटॉप खरोखरच अर्ध्या मिनिटात सुरू झाला. फक्त एक गोष्ट राहिली. वायफाय दिसेना. कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारली की घरोघरच्या वायफायची यादी यायला हवी, तिथे काहीच येईना. लेकीने भराभर दोन-चार ठिकाणी बघितलं. खाली तिची गाडी हॉर्न वाजवायला लागली.

"आके करती हूँ. तब तक फोन से चला लो ना." तिने माझ्या गालाला गाल लावला आणि जिना उतरून गेली. संध्याकाळपासून तिचा फोन लागेना. स्पितीत काझाच्या पुढे नेटवर्क नसतं, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं.

आता फोनने चालवायचं म्हणजे काय, ते सांगते. दर शनिवारी पाच वाजता मी मुलांना मराठी शिकवते, ऑनलाइन. चंदीगड, पंचकुला, मोहाली मिळून नऊ मुलं आहेत. कुणाचे वडील फौजेत, कुणाची आई आयटीत, एकाचे आईवडील दोघंही डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यांत. मुलांना मराठी कळतं, बोलता येत नाही. त्या शनिवारी एक विशेष गोष्ट ठरली होती. प्रत्येक मुलाने आपल्या आजी-आजोबांना मराठीत पत्र लिहिलं होतं आणि ते त्यांच्यासमोर वाचून दाखवायचं होतं. लातूर, वर्धा, सांगली, चाळीसगाव, जिकडून तिकडून म्हातारी माणसं पडद्यावर येणार होती. फोनवर एका वेळी चारच चेहरे दिसतात. बाकीचे कुठेतरी मागे, बोटाने सरकवून शोधायचे. फोनवर झालं नसतं असं नाही. पण मला सगळे एकदम बघायचे होते. दोन महिने मी त्या पत्रांच्या मागे होते.

नवरा फौजेत, तेव्हा निवृत्तीआधीच्या शेवटच्या टेन्युअरवर ईशान्येला होता. लेकीच्या शिक्षणासाठी मी इथेच चंदीगडला राहिले होते, एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, पहिल्या मजल्यावर भाड्याने. सोमवारी सकाळी त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मार्केटमध्ये दे कुणाकडे तरी. किंवा थांब, मी इथून कुणाला तरी सांगतो, येऊन करून देईल."

येऊन करून देईल. सव्वीस वर्षांत आमची अकरा घरं झाली. मला अख्खं घर चौदा ट्रंकांत भरता येतं, प्रत्येक ट्रंकेवर आकडा आणि आत काय आहे त्याची यादी. दुसऱ्या गावात पोचल्यावर अंधारातही सांगेन की चहाची गाळणी सहा नंबरात आहे. पण नव्या घरात पोचल्यावर गॅस, गीझर, टीव्ही, फोन हे सगळं कुणीतरी येऊन करून द्यायचं. मी चहा करून द्यायची आणि बाजूला उभी राहायची. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला वाटलं, हे एकदा तरी आपण करून बघावं. फार मोठा निश्चय वगैरे नव्हता. थोडा राग होता, कुणावर ते नक्की सांगता येणार नाही.

म्हणून मी टेबलाशी बसले आणि फोनवर शोधलं, लिनक्सवर वायफाय का दिसत नाही. जगभरातल्या माणसांना हाच प्रश्न पडलेला होता आणि जगभरातली दुसरी माणसं त्यांना उत्तरं देत होती. प्रत्येक उत्तर एकाच वाक्याने सुरू व्हायचं, टर्मिनल उघडा. मी उघडलं. काळी खिडकी. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. कुठे काय दाबायचं त्याची काही खूण नाही, चित्र नाही. आपणच काहीतरी लिहायचं, आणि लिहिलेलं चुकलं तर? सगळं पुसलं गेलं तर? मी खिडकी बंद केली आणि भाजी चिरायला घेतली.

मंगळवारी दुपारी घरमालक वर आले. ते पाण्याची टाकी बघायला दिवसातून एकदा गच्चीवर जातात आणि जिना आमच्या दारावरून जातो. ऐंशीच्या उंबरठ्यावरचे सरदारजी, लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहन दलातून, सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मी त्यांना अंकलजी म्हणते. खालच्या पायरीवर त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी दार उघडं ठेवते, उतरताना ते दोन शब्द बोलतात.

मी पुन्हा लॅपटॉपसमोर बसले होते. ते उतरताना दारात थांबले.

"की होया, बेटाजी? मुँह क्यों उतरा हुआ है?"

"कुछ नहीं अंकलजी, लॅपटॉप का वायरलेस नहीं लग रहा."

मी वायफाय म्हणायला हवं होतं. का कोण जाणे, पडद्यावरचा शब्द तोंडात आला. अंकलजींनी चौकटीला हात टेकला.

"वायरलेस?"

"हांजी."

"वायरलेस तो मैंने अट्ठाईस साल किया है," असं म्हणत ते आत आले आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

लॅपटॉपकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. भेजने वाला कौन है? मी पॅसेजमधल्या राउटरकडे बोट दाखवलं. वो ज़िंदा है? हिरवे दिवे लागले होते. उसकी आवाज़ किसी और को आती है? माझ्या फोनवर वायफाय नीट चालू होतं. "तो उधर सब ठीक," अंकलजी म्हणाले. "नुक्स हमारे सेट में है. अब पूछो, सेट को बत्ती मिल रही है? फिर पूछो, सेट के कान हैं? कान हैं तो खुले हैं? उसके बाद पासवर्ड-वासवर्ड."

मी त्यांच्यापुढे लॅपटॉप सरकवला. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये धरलेले होते. त्यांतला उजवा त्यांनी बाहेर काढून टेबलावर ठेवला. तो थरथरत होता, थांबत नव्हता. बाजूच्या कपातला चमचा किणकिणला.

"ये अब काम के नहीं हैं," ते म्हणाले. "आप करो. मैं बैठता हूँ."

त्यांचा हात कापतो हे मला माहीत होतं. पण त्यांनी तो असा मुद्दाम समोर ठेवलेला मी पहिल्यांदाच बघितला. मग मला काळी खिडकी बंद करून भाजी चिरायला जाता येईना.

फोनवर सापडलेली पहिली आज्ञा मी एकेक अक्षर बघून टाइप केली. आरएफ-किल लिस्ट. त्यातलं किल बघून एंटर दाबायला बोट धजेना. अंकलजी म्हणाले, "पढ़ो तो, ये पूछ रहा है कि कर रहा है?" खाली लिहिलं होतं, की या आज्ञेने फक्त स्थिती कळते, काही बदलत नाही. विचारणं आणि करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं साधं होतं. मी एंटर दाबलं.

तीन ओळी आल्या. सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, यस.

"यस?" अंकलजी पुढे झुकले. "मतलब दरवाज़ा किसी ने बाहर से बंद किया है."

शोधलं तर तसंच निघालं. सॉफ्ट म्हणजे प्रोग्रॅमने बंद केलेलं, हार्ड म्हणजे खरंखुरं बटण कुठेतरी बंद. मी लॅपटॉप उचलून चहूबाजूंनी बोट फिरवलं. इतकी वर्षं वापरते आहे, पण त्याच्या कडा मी कधी बघितल्याच नव्हत्या. पुढच्या कडेला, तळहात टेकतो त्याच्या खाली, नखाएवढी एक सरकती कळ होती. रविवारी लेकीने पुसताना, उलटसुलट करताना ती सरकली असावी. मी ती नखाने ढकलली. शेजारचा नारिंगी ठिपका पांढरा झाला. पुन्हा आज्ञा दिली. हार्ड ब्लॉक्ड, नो.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असे हसलो, की खालून त्यांच्या बायकोने, आंटीजींनी, विचारलं, काय झालं. पण कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारली तर यादी अजून रिकामीच.

माझा चेहरा बघून अंकलजी उठता उठता म्हणाले, "एक नुक्स मिल गया, इसका मतलब ये नहीं कि एक ही था. कल देखेंगे."

बुधवारी ते टाकी बघायच्या आधीच वर आले. त्या दिवशी मी न घाबरता दुसरी आज्ञा दिली. लॅपटॉपच्या पोटात काय काय आहे त्याची यादी आली, वीसेक ओळी. त्यांतल्या शेवटून दुसऱ्या ओळीत नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेलं मला सापडलं. म्हणजे कान होते. मशीनला ते माहीतही होते. पुढे वाचत गेले तसं कळलं, की आमच्या लॅपटॉपमधल्या या जातीच्या तुकड्याशी, म्हणजे चिपशी, बोलायला एक वेगळा प्रोग्रॅम लागतो, ड्रायव्हर. ज्यांनी तो तुकडा बनवला त्यांनी आपला ड्रायव्हर खुला ठेवलेला नाही, म्हणून तो लिनक्सबरोबर येत नाही. इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो.

मी ते दोनदा वाचलं. इंटरनेट लागावं म्हणून जे हवं, ते आणायला इंटरनेट हवं.

बुधवार संपत आला होता. मुलांपैकी दोघांच्या आयांचे निरोप येऊन पडले होते, शनिवारची लिंक कधी पाठवणार म्हणून. मी अंकलजींना म्हटलं, "अब क्या करें?" ते म्हणाले, "आप सोचो." आणि माझा तोल गेला.

"अंकलजी, आप तो कुछ बता ही नहीं रहे! अट्ठाईस साल किया है तो बताइए ना!"

ते भिंतीचा आधार घेत उठले आणि खाली गेले. टाकी बघायला त्या दिवशी गेलेच नाहीत.

मी तशीच बसून राहिले. वडलांच्या वयाच्या माणसावर आवाज चढवला, तोही त्यांच्याच घरात. पण खरं सांगायचं तर लाज वाटायला थोडा वेळ लागला. आधी फक्त असं वाटत होतं, की मला हे जमत नाही आणि कुणीतरी ते बघितलं.

संध्याकाळी थालीपीठं केली आणि ताटली घेऊन खाली गेले. आंटीजी स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी ताटली घेतली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कल गुरुद्वारे में सबको बता रहे थे, हार्ड ब्लॉक क्या होता है. तीन साल से पेचकस-स्क्रूड्राइवर को हाथ नहीं लगाया इन्होंने. पहले सारा सेक्टर इनके पास आता था. आज फिर चुप बैठे हैं."

अंकलजी पुढच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून टीव्ही बघत होते. मी म्हटलं, "सॉरी अंकलजी."

"बैठो जी," ते म्हणाले. थालीपीठाचा तुकडा तोडायला त्यांना वेळ लागला. मी दुसरीकडे बघितलं. खाऊन झाल्यावर ते बोलायला लागले. वर बर्फात त्यांची एक पोस्ट होती. हाताखाली एक जवान होता, नवा. तो सेट लावायला बसला की फार वेळ घ्यायचा, म्हणून हे त्याच्या हातातून हँडसेट घ्यायचे आणि स्वतः लावून टाकायचे. मग एकदा यांनाच ताप भरला. उठवेना. डॉक्टरसाठी निरोप द्यायचा होता आणि त्या जवानाकडून अर्धा दिवस सेट लागला नाही.

"कुछ हुआ नहीं, रब की मेहर. मैं बच गया. पर वो लड़का महीना भर मुझसे आँख नहीं मिला सका. और गलती उसकी थी ही नहीं." त्यांनी ताटली बाजूला सरकवली. "हमारे उस्ताद सिखाते समय हाथ पीठ पीछे बाँध लेते थे. मैंने सीखा सब उनसे, बस ये नहीं सीखा. अब वाहेगुरु ने खुद ही हाथ बाँध दिए."

मग ते एकदम हसले. "और सच बताऊँ बेटाजी? मुझे पता भी नहीं है. लिनक्स का नाम मैंने कल पहली बार सुना."

मीही हसले. निघताना मी सहज विचारलं, "जब वायरलेस बिल्कुल नहीं लगता था, तब क्या करते थे आप लोग?"

"करना क्या था? तार बिछाते थे. पीछे वाली पोस्ट तक, फील्ड टेलीफोन का. तार से काम चलाओ, जब तक सेट ठीक ना हो."

मी जिन्याच्या मध्यावर थांबले. तार. माझ्याकडे फोन होता, फोनमध्ये इंटरनेट होतं आणि फोनची चार्जिंगची केबल लॅपटॉपला लागते, हे मला माहीत होतं. वर जाऊन शोधलं. होत होतं. फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण असतं, ते सुरू केलं की फोन केबलमधून लॅपटॉपला इंटरनेट देतो. इतके दिवस मी ज्या फोनवर उपाय शोधत होते, त्या फोनकडेच तो उपाय होता, आणि त्याला मी एकदाही ते विचारलं नव्हतं.

केबल तेव्हाच लावायचा मोह झाला. पण मी थांबले. गुरुवारी सकाळी खाली जाऊन म्हटलं, "अंकलजी, तार बिछाना है. आइए."

ते आले, पाठोपाठ आंटीजीही आल्या, मटार सोलायची परात घेऊन. मी केबल लावली, फोनमधलं बटण सुरू केलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात लगेच पाटी आली, जोडणी झाली म्हणून. मग मेनूमध्ये ड्रायव्हर मॅनेजर नावाचं एक खातं शोधून उघडलं. त्याने थोडा विचार केला आणि एकच ओळ दाखवली. हा तुकडा सध्या चालू नाही, त्याच्यासाठी हा ड्रायव्हर सुचवला आहे. समोर एक गोल. मी त्या गोलात टिचकी मारली, पासवर्ड दिला. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. आंटीजींचे मटार सोलून झाले तरी कुणी उठेना. शेवटी त्याने सांगितलं, बंद करून पुन्हा सुरू करा.

पुन्हा सुरू झाल्यावर मी केबल काढून बाजूला ठेवली आणि चिन्हावर टिचकी मारली.

यादी आली. आमच्या गल्लीतली सगळी घरं त्या यादीत होती. समोरच्या दाताच्या डॉक्टरांचं, कोपऱ्यावरच्या शिकवणीचं. अंकलजींच्या घरातलं कॅनडाहून आलेल्या नातवाने ठेवलेल्या नावाने, त्याचा अर्थ इंग्रजीत 'हात लावू नका' असा होता. आणि मध्ये कुठेतरी आमचं. पासवर्ड मी दोनदा चुकवला, कारण राउटरच्या खालच्या चिठ्ठीवरचं शून्य मला ओ वाटलं होतं. तिसऱ्यांदा लागलं.

"सिग्नल कितना?" अंकलजींनी विचारलं.

"चार में से तीन."

"चौथा छज्जे के पास मिलेगा," ते म्हणाले, आणि उठून टाकी बघायला गच्चीवर गेले. आंटीजी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत परात घेऊन बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "थँक्यू, बेटा." मी म्हटलं, मीच म्हणायला हवं. त्यांनी मान हलवली आणि उठल्या.

शनिवारी पाच वाजता लॅपटॉपवर नऊ मुलं आणि तेरा आजी-आजोबा दिसत होते. काही चेहरे नुसत्या हनुवट्या होत्या, एका ठिकाणी बराच वेळ पंखाच दिसत होता. पंचकुल्याची एक सात वर्षांची मुलगी, तिचे आजोबा लातूरचे. तिने पत्र छान वाचलं, वाचताना मान डोलावत. शेवटी कागद संपला आणि तिला आणखी काहीतरी सांगायचं होतं.

"आजोबा, मला तुमची..." ती म्हणाली आणि अडकली.

मुलं अडकली की मी शब्द देते. नेहमी देते. बिचाऱ्यांना ताण नको, गाडी पुढे जावी म्हणून. 'आठवण येते' हे माझ्या ओठांवर आलेलं होतं. मी दोन्ही हात मांडीवर आवळून धरले आणि गप्प बसले. ती वर बघत होती, मग आईकडे बघितलं असावं, मग पुन्हा पडद्याकडे. मला वाटलं, आता ही रडणार. लातूरचे आजोबाही कॅमेऱ्याकडे झुकून वाट बघत होते.

"मला तुमची आठवण लागते," ती म्हणाली.

भूक लागते, तहान लागते, तशी. मी दुरुस्त केलं नाही. कोणत्या तोंडाने केलं असतं?

"लागते गं बाई," आजोबा म्हणाले. "मला पण लई लागते."

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला माझी लेक आठवली. लहानपणी ती मराठीत अडकायची, तेव्हा मी असाच शब्द पुढे करायची, घाईघाईने, आणि तिने घेतला नाही तर थोडी नाराज व्हायची. हिंदीत तिला कुणी अडवत नव्हतं. मैदानात पोरं वाट बघायची तिच्या वाक्याची. तिने कुठली भाषा धरावी, याचं उत्तर त्यात असेल किंवा नसेल. पण मी इतकी वर्षं ते सगळं बदल्यांच्या खाती टाकत आले होते.

पुढच्या बुधवारी ती परतली. नाकाची सालं निघालेली, केसांत धूळ. पाणी पिता पिताच तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "चलो, वायफाय देखते हैं."

"बघ," मी म्हटलं.

तिने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "किसने किया?"

"मी."

"सच में? ड्राइवर कैसे डाला? नेट तो था ही नहीं." मी सांगत गेले. कळ, यादी, केबल. ती ऐकत होती आणि मध्येच तिचा चेहरा थोडा पडला. "मतलब अब मेरी ज़रूरत ही नहीं," ती म्हणाली, हसत, पण अगदी हसतही नाही.

हे मला सुचलंच नव्हतं. मी जमवलं याचा आनंद तिला होईल, एवढाच विचार मी केला होता. पाच-सात वर्षांपासून ती घरी आली, की माझा फोन, माझा लॅपटॉप, माझी गॅसची नोंदणी असं काहीतरी हातात घ्यायची आणि ते करता करता आम्ही बोलायचो. ते काम होतं म्हणून ते बोलणं होतं.

"गरज आहे," मी म्हटलं. "त्या सॅकमध्ये काय आणलंस ते सांग मला. नीट सांग. घाई नाही."

तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि कापडात गुंडाळलेले दगड मांडले. एकेक हातात देत राहिली. काय, कुठला, किती जुना, त्यावर ही रेघ का आहे. तासभर बोलली. बरंचसं हिंदीत, शास्त्राचं इंग्रजीत, आणि एका दगडाचा थर दाखवताना, का कोण जाणे, 'पापुद्रा' असा चक्क मराठी शब्द तिच्या तोंडून आला. मी पुढच्या दगडासाठी हात पुढे केला.

अंकलजी अजूनही वर येतात. डॉक्टरांनी औषध बदललं, कंप थोडा कमी आहे, पण पेचकस धरण्याइतका नाही. टाकी बघून झाली की माझ्याकडे अर्धा कप चहा घेतात, अर्धाच, सांडू नये म्हणून. कॅनडातल्या आपल्या मुलाशी व्हिडिओवर बोलताना आवाज ओठांच्या मागे का पडतो, हे त्यांना हल्ली समजून घ्यायचं आहे. मला माहीत नाही, असं मी त्यांना सरळ सांगितलं. "तो ढूँढते हैं," ते म्हणाले. दोन आठवडे आम्ही शोधतो आहोत. राउटर खिडकीपाशी नेऊन पाहिला, फरक पडला नाही. उद्या केबल लावून बघणार आहोत.